बेचिराग न झालेले गाव

दिवाळीचा आकाशकंदील नेमका कोणत्या दिवशी उतरवायचा, याबाबत आपल्या घराघरांत कधी एकमत नसते. कुणी भाऊबीज झाली की काढतात, कुणी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतात, आणि त्रिपुरी पौर्णिमा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा दंडक असलेली घरेही पुष्कळ आहेत. पण नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडतो तोवर गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या त्या उजेडाची आवराआवर बहुतेक ठिकाणी होऊन गेलेली असते. वायर गुंडाळून माळ्यावर जाते, कागदी कंदिलाच्या झिरमिळ्या पोरांनी आधीच लंपास केलेल्या असतात, आणि हुकाला तेवढा एक सुतळीचा तुकडा लोंबत राहतो. संध्याकाळ लवकर येऊ लागते, कपाटातल्या शाली बाहेर पडतात, आणि वर्ष आता उताराला लागले हे कुणी न सांगताही कळते. वर्षाच्या याच वळणावर, सातासमुद्रापलीकडच्या एका डोंगरमाथ्यावरचा दिवा आठवण्याचे कारण आहे. तो दिवा उतरवायचा नसतोच. त्याची खरी हंगामी गरज या आठवड्यापासून सुरू होते.

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायरमध्ये, पेनाइन डोंगररांगेच्या एका उघड्याबोडक्या पठारावर टॅन हिल नावाची जागा आहे आणि त्या जागी एक सराई आहे. उंची १,७३२ फूट, म्हणजे ५२८ मीटर. ब्रिटनमधली सर्वांत उंचावरची सराई म्हणून तिची ख्याती. हा आकडा वाचून आपल्याला किंचित हसू येणे स्वाभाविक आहे, कारण आपले लोणावळे स्टेशनसुद्धा याहून उंच आहे आणि तिथे चिक्की घ्यायला उतरताना गिरिशिखर सर केल्याचा भाव कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. पण उंची नुसती फुटांत मोजायची नसते. लोणावळ्याला धुके उतरते ते शिरीष-जांभळांच्या गर्दीत. टॅन हिलवर डोळ्यांना अडवायला एक झाड नाही. चहूकडे हेदरची खुरटी झुडपे, पाय घातला तर घोट्यापर्यंत आत जाणारी पीटची दलदल, तोंड काळे आणि नाकपुड्या पांढऱ्या असलेली स्वेलडेल जातीची शिंगाळ मेंढरे, आणि अटलांटिकवरून निघालेला वारा. सर्वांत जवळचे खेडे, कील्ड, चारेक मैल खाली दरीत. एवढ्या विस्तारात माणसाने बांधलेले छप्पर हे एकच.

सराई हा शब्द इथे नाइलाजाने वापरला आहे. आपल्या भाषेत त्या ठिकाणासाठी एक नेमका शब्द सापडत नाही, आणि हे न सापडणेही विचार करण्याजोगे आहे. धर्मशाळेत पैसे घेत नाहीत, खानावळीत झोपू देत नाहीत, सराईत पथारी मिळते पण पानात काय पडेल याची हमी नसते, आणि गुत्त्याचे नाव अग्रलेखात घ्यायची आपल्याकडे रीत नाही. इंग्रजांची 'इन' या चारही गोष्टी एकाच छपराखाली करते. भाजलेले मटण, बिअरचा पेला, वरच्या मजल्यावर अंथरूण, आणि दगडी फरशीच्या खोलीत ऐन उन्हाळ्यातही धगधगत असलेली शेकोटी. टॅन हिलच्या सराईची ही शेकोटी म्हणजे तिची खूण. तिच्यासमोर वाटसरूचे बूट वाळतात, कुत्री पसरतात, आणि दार लोटून एखादी मेंढी आत डोकावली तरी तिथल्या लोकांना त्याचे नवल वाटत नाही.

ही शेकोटी मुळात पेटली ती पायाखालच्या कोळशावर. आज तिथे उभे राहिले तर कोळशाचा मागमूस चटकन दिसत नाही. गवताळ जमिनीवर मधूनच वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवती मातीचे कडे दिसतात, एवढेच. हे खळगे म्हणजे जुन्या खाणींची तोंडे. मध्ययुगापासून इथे लोक विहिरीसारखे खड्डे खणून कोळसा काढत आले. सतराव्या शतकात लेडी अॅन क्लिफर्ड या मातब्बर सरदारीणबाईंच्या अॅपलबीच्या किल्ल्यात टॅन हिलचाच कोळसा जळत असे. कोळसा तसा दुय्यम प्रतीचा. पण आसपासच्या दऱ्यांत चुन्याच्या भट्ट्या होत्या, शिसे वितळवण्याचे कारखाने होते, आणि थंडी तर सगळ्यांनाच होती. तट्टांच्या पाठीवर पोती लादून तांडे चारही दिशांना उतरत. स्कॉटलंडकडून गुरे हाकत दक्षिणेच्या बाजारांना निघालेले गुराखीही या खिंडीतून जात. जिथे चार वाटा मिळतात तिथे कुणीतरी चूल मांडतो, हा जगभरचा नियम आहे. सतराव्या शतकात तशी ती इथे मांडली गेली, अठराव्या शतकात ती खाणकामगारांचा अड्डा झाली, आणि तिच्या भोवती त्यांच्या दगडी खोपटांची एक वस्ती उभी राहिली.

त्या कामगारांचे एक चित्र मनातून जात नाही. स्वेलडेलच्या खोऱ्यातले खाणकामगार कामावर निघताना हातात विणकाम घेऊन निघत. बायका नव्हे, पुरुष. घरापासून खाणीपर्यंतचा डोंगर चढायला तास-दीड तास लागणार. तेवढ्या वेळात मोज्याचा घोटा होतो, परतीच्या वाटेवर पोटरी. लोकर आपल्याच दरीतल्या मेंढ्यांची, आणि मोज्यांचे चार पैसे खाणीच्या तुटपुंज्या मजुरीत भर घालणारे. भर पावसात, डोंगराच्या अंगावरून, मान खाली घालून, सुया चालवत निघालेली गड्यांची ती रांग डोळ्यांसमोर आणावी. आपल्याकडे वारीच्या वाटेवर टाळ वाजवणारे हात असतात, चालताना चालताना सूत कातणारे मेंढपाळ धनगर असतात. पाय एका कामात आणि हात दुसऱ्या कामात असलेला माणूस आपल्याला परका नाही.

मग ते दिवस फिरले. स्वेलडेलमध्ये मुख्य धंदा शिशाचा होता आणि टॅन हिलच्या कोळशाचे मोठे गिऱ्हाईक तोच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून, विशेषतः स्पेनमधून, स्वस्त शिसे येऊ लागले, भाव कोसळला, आणि १८८०च्या दशकात एकामागून एक खाणी बंद पडल्या. माणसे निघाली. कुणी डरहॅमच्या मोठ्या कोळसाखाणींत, कुणी लँकेशायरच्या कापडगिरण्यांत, कुणी थेट अमेरिकेत आयोवाच्या शिशाच्या खाणींत. गिरणीच्या भोंग्याकडे निघालेल्या कोकणी माणसाची पावले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे जाणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टॅन हिलचा कोळसा रेटत रेटत आणखी काही दशके चालला. अखेर १९२९मध्ये तिथली शेवटची खाण बंद झाली. कामगार गेले तसे त्यांच्या खोपटांचे प्रयोजन संपले आणि ती पाडून टाकण्यात आली. रेल्वे नाही, शेत नाही, झाड नाही, आता खाणही नाही. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर त्या माथ्यावर एक भिंतही उभी राहायचे कारण उरले नव्हते.

आपल्या जुन्या महसुली दप्तरात ओसाड गावासाठी एक शब्द येतो, बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. आपण बोलताना त्याचे बेचिराख केले आणि त्यात राख आणली, त्यामुळे जळण्याची, लुटीची कल्पना शिरली. मूळ शब्द फार शांत आहे. गाव जळलेले नसते, कुणी लुटलेले नसते. फक्त संध्याकाळी तिथे कुणी वात लावत नाही. गाव असणे-नसणे ठरवताना दप्तरात घरे मोजली नाहीत, माणसे मोजली नाहीत, दिवा आहे की नाही एवढे पाहिले. टॅन हिलला ही मोजपट्टी लावली तर ते गाव आजही आहे. घरे गेली, दिवा राहिला.

तो राहिला याचे श्रेय कुणा संस्थेला किंवा योजनेला देता येत नाही. आसपासचे मेंढपाळ शेतकरी येत राहिले, आणि त्यांच्यासाठी दार उघडणारे कुणीतरी तिथे राहत गेले, एवढेच घडले. अशा दार उघडणाऱ्यांमध्ये सुझन पीकॉक या बाईंचे नाव अजून निघते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्या तिथे आल्या आणि १९३७मध्ये मरण येईपर्यंत तिथेच राहिल्या. म्हणजे खाण चालू असतानाची वर्दळ त्यांनी पाहिली, खाण बंद होताना पाहिली, आणि नंतरचे रिकामेपणही पाहिले. गल्ल्याशेजारी भरलेले पिस्तूल ठेवीत असत असे सांगतात. एवढ्या एकांतात ते असणारच. पुढे बीबीसीने त्यांना रेडिओवर बोलते केले, तेव्हा त्या डोंगराबाहेरच्या जगालाही त्या ठाऊक झाल्या. नव्याने मोटारी आणि सायकली घेतलेले शहरी लोक मग त्यांना बघायला वर येऊ लागले. कामगार गेले आणि प्रवासी येऊ लागले, या दोन्हींच्या मधला जो अवघड काळ होता, त्यात त्या बाईंनी शेकोटी विझू दिली नाही. इतिहासाच्या पुस्तकांत खाण कधी सुरू झाली आणि कधी मिटली याच्या तारखा मिळतात. मधल्या हजारो संध्याकाळी कुणी लाकडे आत आणली, याची तारीख नसते.

पुढचे सगळे तसे सुखाचे. १९६५मध्ये पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट रीतसर खुली झाली. टॉम स्टीफनसन या पत्रकाराने तीस वर्षे आधी, १९३५मध्ये, ती कल्पना मांडली होती. ही वाट टॅन हिलच्या दारावरून जाते, आणि पूर्ण वाट चालणाऱ्याला इथे जवळपास निम्मा प्रवास झाल्याचे समाधान मिळते. पाठीवर पोती घेतलेली तट्टे गेली होती. आता पाठीवर पिशव्या घेतलेली माणसे आली. सरकारदप्तरी या काळात एक गंमत झाली. १९७४च्या जिल्हाफेररचनेत सराई यॉर्कशायरमधून उचलून डरहॅममध्ये टाकली गेली. सीमाप्रश्न म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटले असेल ते आपण समजू शकतो. अनेक वर्षांनी ती परत यॉर्कशायरमध्ये आली. इमारत या सगळ्यात एक इंचही हलली नव्हती.

१९८०च्या दशकात एका खिडक्यांच्या कंपनीने दुहेरी काचेची जाहिरात चित्रित करण्यासाठी हीच जागा निवडली. बाहेर वारा घोंघावतो आहे, आत खिडकीशी टेड मोल्ट हे तेव्हाचे लोकप्रिय गृहस्थ एक पीस हातातून सोडतात, आणि ते पीस जरासुद्धा न थरथरता सरळ खाली येते. ज्या वाऱ्याने तिथे शतकानुशतके माणसांना छळले, त्याचाच असा उपयोग झाला. २००७मध्ये तर तळलेली कोंबडी विकणाऱ्या एका जगड्व्याळ कंपनीने सराईच्या नाताळच्या जेवणाच्या यादीतल्या 'फॅमिली फीस्ट' या दोन शब्दांवर हक्क सांगून वकिलांकरवी पत्र धाडले. बोभाटा झाला तशी कंपनीने माघार घेतली. सहकुटुंब जेवण ही कुणाची मालमत्ता असू शकते, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली ते डोके कधी डोंगरावर थंडीत उपाशी अडकले नसावे.

अडकण्याचा विषय निघालाच आहे, तर ज्या कारणासाठी हा आठवडा निवडला त्या कारणाकडे येऊ. २६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. सराईत संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. ओएसिस या गाजलेल्या वाद्यवृंदाची गाणी हुबेहूब गाणारा एक चमू आला होता, ऐकायला दूरदूरची माणसे आली होती. त्या रात्री अर्वेन नावाचे वादळ आले. ब्रिटनभर लाखो घरांची वीज गेली, तीन माणसे दगावली. टॅन हिलवर बर्फाच्या राशी खिडक्यांना जाऊन भिडल्या, उतरणीचा रस्ता बर्फाने आणि तुटून पडलेल्या विजेच्या तारांनी बंद झाला. आत ६१ माणसे. खोल्या थोड्या, म्हणून फरशीवर गाद्या पसरल्या, कोचांवर माणसे झोपली. शनिवार गेला, रविवार गेला. कोडी घातली गेली, सिनेमे लावले गेले, गायला आलेल्यांनी गायले आणि ऐकायला आलेल्यांनीही गायले. उपचारांची निकड असलेल्या एका पाहुण्याला डोंगरबचाव पथकाने बाहेर काढले. सोमवारी बर्फ हटवणारे यंत्र वाट काढत पोहोचले तेव्हा, तीन रात्री एकत्र काढलेली ती अनोळखी माणसे एकमेकांना पुन्हा भेटायचे ठरवून, काम करणाऱ्यांसाठी आपापसांत पैसे गोळा करून निघाली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी हसत हसत छापली, आणि ती हसण्यासारखी होतीही. पण सराईच्या माणसांच्या बाजूने पाहिले तर त्या तीन दिवसांत हसण्यासारखे थोडे होते. हाताशी असलेल्या शिध्यावर सोमवारपर्यंत साठ तोंडे निभावून न्यायची हिशेबाची कसरत आपल्या आयाबहिणींना जास्त चांगली समजेल. लग्नघरात वऱ्हाड एक दिवस जास्त राहिले तरी ओटीवर गप्पा रंगतात, आणि माजघरात डाळीच्या डब्याचा तळ खरवडण्याचा आवाज येत असतो.

२६ नोव्हेंबर ही तारीख आपल्यासाठी दुसऱ्या कारणाने जड आहे. २००८मध्ये मुंबईत त्या रात्री जे सुरू झाले त्याची आणि बर्फात सुखरूप अडकलेल्या पाहुण्यांची तुलना करणे अशोभनीय ठरेल, म्हणून ती करीत नाही. तरी ही दोन वृत्ते एका तारखेखाली वाचताना एका गोष्टीशी मन थांबते. त्या रात्री आपल्या शहरातल्या हॉटेलांत मागच्या दाराने निसटून जाण्याइतकी वाट माहीत असलेली कितीतरी माणसे होती, वेटर, आचारी, टेलिफोनवर बसणाऱ्या मुली. आणि पाहुणे आत आहेत म्हणून ती मागे राहिली. काही कायमची राहिली. आपल्या छपराखाली आलेल्या माणसाची जबाबदारी ही नोकरीच्या कागदात लिहिलेली नसते. ती कुठून येते याचा शोध घेताना आपण अतिथी हा शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो. शब्द थोर आहे. पण तो शब्द ज्यांच्या खांद्यावर उभा असतो त्यांना आपण आठवड्याला किती सुट्ट्या देतो, हेही एकदा मोजायला हवे.

दुसरेही एक मोजमाप या निमित्ताने करायला हवे. खाणी आपल्याकडेही बंद पडतात. गोव्यात लोहखनिजाचे काम २०१२मध्ये थांबले, पुन्हा सुरू झाले, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबले. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात ट्रकांच्या रांगा गेल्या, धूळ बसली, ओढे जरा निवळले, आणि त्या रांगांवर चालणारी चहाची, पाव-भाजीची दुकाने, टायरचे पंक्चर काढणारे गाळे यांच्या फळ्या लागल्या. खाण असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि तो वाद घालणाऱ्यांनी घालावा. डोंगर पोखरून मिळालेल्या सुबत्तेची किंमत ज्यांच्या शेतात चिखल होऊन उतरली त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण वाद निकाली निघेपर्यंत, किंवा निघाल्यावर, त्या रस्त्यावर संध्याकाळी कुणाच्या दुकानात दिवा लागतो, हे पाहायला फारसे कुणी जात नाही. टॅन हिलवरही कुणी गेले नव्हते. तिथे एका बाईचा हट्ट, थोडे मेंढपाळ आणि पुढे आलेली एक पायवाट असे जुळून आले. दर ठिकाणी ते जुळून येईल असे नाही, आणि जिथे नाही आले तिथली नावे आपल्याला माहीतही नसतात.

मे महिन्याच्या अखेरीस टॅन हिलवर मेंढ्यांचे प्रदर्शन भरते. स्वेलडेल जातीचे उत्तम एडके घेऊन आसपासच्या दऱ्यांतले शेतकरी वर चढतात, शिंगांची वळणे आणि तोंडावरच्या पांढऱ्या रंगाच्या कडा यांवर तासन्‌तास खल होतो. त्याला अजून सहा महिने आहेत. तोवर हिवाळा. या अक्षांशावर नोव्हेंबरअखेर दुपारचे चार वाजले की अंधार पडतो. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणे आटोपून आपण ओटा पुसत असतो, गॅसचे बटण बंद झाले ना ते दोनदा पाहतो, गॅलरीचे दार लावताना रिकाम्या हुकाकडे नजर जाते, आणि एकेका खोलीतला दिवा मालवत आत जातो. तिथे तेव्हा दिवेलागण होते.